वरचा तुकडा

वजदीने माझ्या हातातून कप घेतला, समोरच्या तिवईवर ठेवला आणि पुन्हा म्हणून त्याच्याकडे पाहिलं नाही. वेलदोड्याची वाफ वर येत राहिली, विरळ झाली, मग नुसता काळा गोल उरला. तो बोलत होता. नाब्लसच्या हवेबद्दल, जुन्या बाजारातल्या झिजलेल्या पायऱ्यांबद्दल, माझ्या वडिलांच्या गिरणीला अजून तोच भाजक्या तिळाचा वास कसा येतो याबद्दल. मी कपाकडे पाहत होते. आमच्याकडे पाहुण्याने न पिता ठेवलेली कॉफी म्हणजे तो काही मागायला आलेला असतो. मुलगी मागायला आलेली माणसं अशी ठेवतात, खुनाचं वैर मिटवायला आलेली ठेवतात. मग घरातल्या वडीलधाऱ्याने म्हणायचं, 'प्या, तुमचं काम झालं समजा,' तेव्हा कुठे कप ओठांना लागतो. पण न ऐकलेल्या कामाला मी होकार कसा देणार? मी वाट पाहिली. तो उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या हातांना बरकत, हज्जा," आणि जिना उतरून गेला. काही न मागताच गेला. मी ती कॉफी मोरीत ओतली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिले.

वजदी माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. सदुसष्टच्या लढाईनंतर चुलते कुवेतला गेले, तिथून सगळ्यांना हाकललं तेव्हा अम्मानला आले. वजदी पुढे कॅनडात गेला, तिथला पासपोर्ट मिळवला, कारखान्यांना यंत्रं विकून मोठा झाला. मी त्याला एकदाच पाहिलं होतं, एका उन्हाळ्यात, अंजिराच्या चिकाने ओठ सुजवून घेतलेला मुलगा. आता पन्नाशी उलटलेला, मऊ बोलणारा, प्रत्येक शब्द बाहेर सोडण्याआधी आत उलटासुलटा करून पाहणारा. मऊ बोलणाऱ्या माणसाची मला खरं तर भीती वाटायला नको. हज केल्यापासून हज्जा म्हणणारे सगळे मलाही मऊच म्हणतात. पण मी मऊ का बोलते हे मला ठाऊक आहे, तो का बोलतो ते ठाऊक नाही.

तो आला होता ताहिनीचा कारखाना काढायला. आमची गिरणी जुन्या शहरात, भाजके तीळ दळून ताहिनीचा पातळ लगदा काढणारी, दोन दगडी जात्यांची. माझा भाऊ फख्री व्यवहार बघतो, मी भट्टी. तीळ किती भाजले ते मला वासावरून कळतं, डोळे मिटून कळतं, आणि ते एकच काम असं आहे की ज्यात मला कधी शंका येत नाही. जागा एवढीशी की पोती जिन्यात रचावी लागतात. इथून डबे पाठवायचे तर आमच्या ट्रकमधून लष्कराच्या नाक्यावर उतरवायचे, कुत्र्याने हुंगायचे, मग पलीकडच्या ट्रकमध्ये पुन्हा चढवायचे. उन्हात तेल वर येतं आणि घेणारा म्हणतो, हज्जा, यंदा माल पातळ आहे. एकदा नव्या भट्टीची एक झडप मागवली होती. ती बंदरावर अडकली, कारण म्हणे तिचा दुसराही काही उपयोग होऊ शकतो. हिवाळाभर ती झडप संशयित म्हणून गोदामात पडून होती. फख्री जेवताना विचारायचा, "कबुलीजबाब दिला का गं तिने?" आम्ही हसायचो. मी हसताना मनात म्हणायचे, कुणी सांगावं, असेलही तिचा दुसरा उपयोग.

दोन दिवसांनी फख्री भट्टीपाशी येऊन उभा राहिला. सकाळपासून तो माझी नजर चुकवत होता.

"वजदीला आपली दैर शरफची जमीन हवी आहे," तो म्हणाला. "कारखान्याला. रस्त्याला लागून आहे, वीज आहे. भागीदारी आपली, यंत्रं त्याची, आणि कारखाना आपली लमीस चालवणार."

"खालची जमीन."

"सगळी."

"वरचा तुकडाही?"

"वरचाही."

मी फावडं भिंतीला टेकवलं. वरच्या तुकड्यावर एक वीट ठेवायची तर लष्कराची परवानगी लागते, आणि ती आजवर कुणाला मिळालेली मला माहीत नाही. त्याच्या माथ्यावर इस्रायली वसाहतीचं कुंपण आहे. ऑलिव्हच्या हंगामात आम्ही तिथे जातो ते चार माणसं सोबत घेऊन, वर बघत. "तिथे कारखाना होणार नाही, कोंबड्याही ठेवता येणार नाहीत. मग त्याला तो तुकडा कशाला?"

"त्यालाच विचार."

"तू विचारलं नाहीस?"

"अगं, माणूस पदरचे पैसे घेऊन इथे आलाय. इथे. शहाणी माणसं इथून पैसे घेऊन जातात. त्याला मी चौकशीला बसवू? ते काम करणारे पुष्कळ आहेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "मी सही केली, निहायाताईनेही अम्मानहून करून पाठवली. तुझी राहिली आहे. आणि लमीसला दोह्याला महिनाअखेर कळवायचंय, ते विसरू नकोस."

ते मी विसरणार होते होय? लमीस फख्रीची मुलगी, पण तिची आई गेल्यापासून ती माझ्या कुशीत झोपून वाढली. अन्नशास्त्राची पदवी घेऊन आली तेव्हा मी साखर वाटली, आणि तेव्हापासून ती जिन्यातल्या पोत्यांवर बसून अर्ज लिहीत होती. दोह्याच्या कंपनीने बोलावलं होतं. कारखाना झाला तर ती राहणार, नाही झाला तर जाणार. आणि गेलेली मुलं परत येतात ती लग्नाला आणि मयताला, जॉर्डनच्या सरहद्दीवरच्या पुलावरून येण्याची परवानगी मिळाली तर. सगळं माझ्या सहीवर आलं होतं. आमच्या बाजूला इंग्रजांची मोजणी पोचली नाही, जॉर्डनची अर्ध्यात थांबली, म्हणून जमीन कागदावर अजून आजोबांचीच. सगळ्या वारसांच्या सह्या झाल्याशिवाय तिच्यावर कुणी खिळासुद्धा ठोकू देत नाही.

त्या दिवसापासून मी वजदीला गोळा करू लागले. दुसरा शब्द सुचत नाही. तो पुलावरून अर्ध्या तासात बाहेर आला होता, हे त्यानेच सहज सांगितलं होतं. माझी बहीण निहाया, सांधे धरलेली म्हातारी बाई, तिला तिथे प्रत्येक वेळी दुपारपर्यंत बसवतात. त्याचा मुक्कामाचा शिक्का त्याला हवा तेवढ्या दिवसांचा मिळाला होता. तो फोनवर बोलायला गच्चीत जायचा. त्याला वरच्या तुकड्याचं वळण, विहिरीची जागा, पडक्या ओट्याचं तोंड कुठे ते सगळं आठवत होतं, एका उन्हाळ्यापुरत्या आलेल्या मुलाला. आणि जमीन अशीच जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. परदेशातला कुणी नातलग येतो, रडतो, मातीचा मुका घेतो, सह्या गोळा करतो. वर्षभराने त्या नावामागून दुसरंच नाव निघतं आणि कुंपण एक रांग खाली सरकतं. मग ज्यांनी सह्या केल्या त्यांच्या जनाज्याला कुणी जात नाही.

या सगळ्यात मला अदीब आठवायचा. माझ्या वडिलांचा भागीदार, तिळाचा जाणकार, हातावर चार दाणे चोळून ते कुठल्या देशाचे ते सांगणारा. पहिल्या उठावाच्या वर्षी शहरात संप, दुकानं बंद, रस्त्यात टायर जळायचे. कुणाच्या तरी लक्षात आलं की लष्कराची जीप सगळ्यांच्या दारात थांबते, अदीबच्या दारात थांबत नाही. एवढंच. गल्ली तिथे अरुंद होती, जीप वळायलाच जागा नव्हती, हे मी माझ्या खिडकीतून रोज बघत होते, सगळेच बघत होते. पण बोललं गेलं, खबऱ्या असेल. लोक त्याला सलाम करीत राहिले, फक्त थोडा उशिरा. तो शब्द तोंडातून निघायला जो एक क्षण जास्त लागायचा, त्यानेच त्याला हळूहळू शहराबाहेर काढलं. तो पूल ओलांडून जर्काला गेला, तिथेच वारला. वडील पुढे कधी त्याचं नाव काढायचे नाहीत. फक्त तिळाचं नवं पोतं फोडलं की चार दाणे हातावर घ्यायचे, चोळायचे आणि काही न बोलता टाकून द्यायचे. अदीब तसा होता की नव्हता? मला आजही माहीत नाही. सांगायची लाज वाटते ती ही की मला अजूनही माहीत करून घ्यावंसं वाटतं.

लमीसला माझी धुसफूस कळली. तिला माझं सगळं कळतं. "अम्तो, तू त्या कॉफीवरून बसली आहेस ना?" ती म्हणाली. लहानपणापासून ती मला आत्या म्हणून अशीच हाक मारते, नाराज असली की जरा लांबवून. "अगं त्याचा रोजा होता त्या दिवशी. गुरुवार होता. तो सोमवार-गुरुवार धरतो, तुझ्यासारखाच. बोभाटा नको म्हणून सांगत नाही. मीच खोदून विचारलं."

खरंच तो गुरुवार होता. माझाही रोजा होता. मी स्वतः उपाशीपोटी त्याच्यासाठी कॉफी उकळत होते, फेस वर येताना तीनदा भांडं आचेवरून उचलत होते, आणि समोरच्याच्या कोरड्या ओठांकडे माझं लक्ष गेलं नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मनावरचा धोंडा उतरला असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "मी गुरुवार धरते हे त्याला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, अम्तो. जगात अजूनही काही माणसं स्वतःसाठी उपास करतात."

ती गेल्यावर मी तस्बीह घेऊन बसले. मणी बोटांतून जात होते, जीभ अल्लाहचं नाव घेत होती, आणि त्याच्याखाली, जमिनीखालून पाणी जावं तसं, दुसरंच काही चालू होतं. धार्मिक बाईला गाठायचं तर धार्मिक होऊन यावं. हे कुणालाही सुचेल. मला सुचलं, म्हणजे कुणालाही सुचेल.

आमची ताहिनी आठवड्याला अबू हातिम घेतो. जुन्या सराईच्या कमानीखाली त्याचं मसाल्याचं दुकान. शहरात कुणाच्या घरी काय शिजतं आणि का, ते त्याला माहीत. मी डबा ठेवला, सुमाक मागितला आणि तो मोजत असताना म्हटलं, "अबू हातिम, आमचा वजदी. अम्मानमध्ये त्याची कुणाकुणात ऊठबस असते, काही कानावर?"

त्याचा हात थांबला. "का हो, हज्जा?"

"सहज."

"सहज," तो म्हणाला आणि पुडी बांधली. नेहमीपेक्षा घट्ट बांधली.

तो शब्द माझ्याआधी गल्लीच्या तोंडाशी पोचला असावा. जुम्याच्या नमाजेहून फख्री आला तो काळवंडलेल्या चेहऱ्याने. मशिदीच्या पायऱ्यांवर दोघांनी त्याला विचारलं होतं की चुलतभावाचं खरं नाव काय. "खरं नाव!" तो बुटांशी झटापट करीत म्हणाला. "जन्मल्यापासून वजदी आहे तो. मी म्हटलं, तुमची काय आहेत ती आधी सांगा. इन्साफ, तुझी जीभ एवढीशी आहे, पण पोचते बरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वजदी गिरणीत आला. जाती चालू होती, तिळाचं पीठ ओलं होऊन काठावरून तेलासारखं उतरत होतं, त्याचा आवाज जड आणि गोड. तो पोत्यावर बसला, माझ्या परवानगीची वाट न पाहता. घरचा माणूस बसतो तसा.

"अबू हातिमला तू विचारलंस," तो म्हणाला.

"विचारलं."

"मीही त्यालाच विचारलं होतं. आल्या आल्या. तुझ्याबद्दल."

माझ्या हातातली चाळणी थांबली. "माझ्याबद्दल काय?"

"की हज्जाने आपला हिस्सा आधी कुणाला लिहून दिलेला नाही ना. इथे एकच जमीन दोनदा विकतात, ताई. माझा एक मित्र त्यात फसला. शिवाय अम्मानमध्ये मला सांगितलं होतं, घरच्या बायका देवभोळ्या असतील तर जास्त जपून राहा."

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, 'हज्जा इन्साफ? अल्लाह तिला उदंड आयुष्य देवो.' आणि गप्प बसला. तो गप्प का बसला याचा विचार करण्यात माझी आख्खी दुपार गेली."

मला हसू आलं. तोही हसला. त्या हसण्यात क्षणभर तो अंजिराच्या चिकाचा मुलगा दिसला आणि मी विचारून टाकलं, "वरचा तुकडा कशाला हवा तुला?"

तो जणू ह्याचीच वाट पाहत होता. "मला नकोच आहे तो. पण जमीन वाटणी न झालेली. खालचीच घ्यायची तर वाटणी करा, वाटणीला मोजणी करा, मोजणीदाराने वरच्या कोपऱ्यात खूण रोवायची. कुंपणापाशी खूण रोवायला कोण जाईल? गेला तर परत कोण आणील? म्हणून सगळी एकत्र. तुकडा तुमच्याच ऑलिव्हना राहील, मी लिहून देतो." मग थांबून म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. मी तुझ्या जागी असतो तर माझ्याही मनात तेच आलं असतं. पण हज्जा, जो इथे काही लावायला येतो तो चोर, आणि जो घेऊन जातो तो हुशार, असंच चालायचं असेल तर मी यंत्रं सरळ जर्काला उतरवतो. पुलाच्या तिकडे. तिथे मला कुणी माझं नाव विचारत नाही."

उत्तर बरोबर होतं. चौकटीत दार बसावं तसं बसलं. आणि तो गेल्यावर मी पुन्हा चाळणी हातात घेतली तेव्हा मन म्हणालं, जे इतकं नेमकं बसतं ते आधी कुणीतरी तासून आणलेलं असतं. तो अडखळला असता तर मी म्हटलं असतं, बघा, अडखळला.

मग मी इस्तिखारा केला. अडलेला माणूस जे करतो ते. पहाटेची नमाज झाल्यावर, ऊन वर आलं की, नमाजेच्या दोन रकात आणखी पढायच्या, मागायचं की यात भलं असेल तर माझं मन त्याच्याकडे वळव, नसेल तर फिरव. आणि मग मन कुठे झुकतं ते बघायचं. मी आयुष्यभर तसं करत आले. मन मिटलं की ते नको. मी डोळे मिटून वजदी समोर आणला, सही समोर आणली. मन मिटलं. छातीच्या मध्यावर कुणी मूठ आवळावी तसं, अगदी स्पष्ट. मी समजले, झालं, उत्तर आलं. उठणार होते. मग कशाने कोण जाणे, कदाचित शेजारच्या खोलीत लमीस झोपेत खोकली म्हणून, मी दुसरी गोष्ट समोर आणली: लमीसची बॅग, पुलावरची रांग, दोह्याची खोली. मन मिटलं. तीच मूठ, तितकीच घट्ट. मी घाबरले. काहीच न करता इथेच राहणं समोर आणलं, ही गिरणी, हा जिना, ही पोती. मूठ. मग मी जुन्या गोष्टी काढत बसले, ज्यांना मी कधीकाळी नाही म्हटलं होतं. तूलकर्मच्या त्या शिक्षकाचं स्थळ, जो पुढे हेडमास्तर झाला आणि जो बायकोला कधी वाईट शब्द बोलला नाही म्हणतात. तेव्हाही मूठ. दुसरं दुकान घ्यायचं होतं तेव्हा. गच्चीवर खोली चढवायची होती तेव्हा. प्रत्येक वेळी मी म्हटलं होतं, अल्लाहने मन फिरवलं. बाहेर फेरीवाला तीळ लावलेल्या गोल पावाची हाक देत होता, गल्लीत ऊन उतरत होतं, आणि मी नमाजेच्या चटईवर बसून होते, या भीतीने की इतकी वर्षं मी जिला अल्लाहची खूण समजत होते ती नाक्यावर जीपचा आवाज आला की पोटात पडणारी गाठ होती, दुसरं काही नव्हतं. दोन्हींचा स्पर्श सारखाच. मग तो कोणत्या वेळी बोलला आणि कोणत्या वेळी मीच घाबरले, हे मला सांगणार कोण? तो सांगत असेल. मला ऐकायचे कान उरले नव्हते. मी सजदा केला आणि कपाळ जमिनीला टेकवून म्हटलं, मला कळत नाही. तुला कळतं. मी तुझ्यावर सोडते, माझ्या मनावर सोडत नाही. एवढ्याने मूठ उघडेल असं वाटलं होतं. उघडली नाही.

मिटल्या मनानेच मी सही केली. नोटरीच्या खोलीत पंखा फिरत होता, फख्री कुणाशीतरी तिळाच्या भावावरून हुज्जत घालत होता, वजदी भिंतीशी हात बांधून उभा. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "राजीखुशीने?" मी म्हटलं, "राजीखुशीने." जन्मात खोटं बोलायचं नाही असं माझं व्रत, ते तिथे मोडलं की पाळलं गेलं, मी अजून ठरवलेलं नाही. लमीसने मला बाहेर रस्त्यातच मिठी मारली आणि दोह्याला नकार कळवला, माझ्यासमोर, फोनवर, हसत. तिच्या केसांचा वास घेत मी वजदीकडे पाहिलं. तो आमच्याकडे बघून डोळे पुसत होता. मी त्याचे डोळे खरंच ओले आहेत का ते पाहत होते.

पायाचे खड्डे खणायला सुरुवात झाली. वर कुंपणापाशी सगळं जसंच्या तसं आहे, ऑलिव्ह तसेच, कुंपण तिथेच. मी रोज विचारते, आणि फख्री रोज सांगतो, "आहे गं बाई, जागेवर आहे, पळालेलं नाही." एका सकाळी मी नेहमीप्रमाणे ताहिनीचा डबा घेऊन अबू हातिमकडे गेले. कमानीखाली गिऱ्हाइकं होती. मी सलाम केला. त्याने सलाम परतवला; पण मध्ये एक क्षण जास्त गेला, एवढासा, की ज्याला सवय नाही त्याला कळलाही नसता.

"या आठवड्याला राहू द्या, हज्जा," तो म्हणाला. "आधीचीच पडून आहे."

मागे फळीवर आमचा एकही डबा नव्हता. त्याने मी तिकडे पाहिलेलं पाहिलं.

"जमीन चुलतभावालाच दिली, अबू हातिम," मी म्हणाले. "कारखाना होतोय. आमच्या लमीसचा."

"अल्लाह बरकत देवो," तो म्हणाला. "मी कुठे काय विचारलं?" आणि दुसऱ्या बाईला जिरं मोजून देऊ लागला.

तो विचारील म्हणून मी उभी राहिले. कुणाला दिली, वरचा तुकडा का दिला, तो पुलावरून अर्ध्या तासात कसा आला. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती, एकेक नीट बसणारी. ती बाई जिरं घेऊन गेली. दुसरी आली. तिने मला वाट देण्यासाठी अंग चोरलं, गरजेपेक्षा जरा जास्तच. डबा हातात जड झाला होता, तेल काठाशी आलं होतं. मी तो दुसऱ्या हातात घेतला आणि अजूनही उभीच होते.